दट्ट्याची उसळी

उमरेडला चाळीस वर्षं हातमाग चालवून नानाजी आता नागपुरात लेकाकडे राहत होते. त्यांच्या नातीने, दामिनीने, पाइप आणि स्प्रिंग जोडून मातीच्या गोळ्यांची लाकडी बंदूक बनवली होती. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढायची. नरखेडला आत्याच्या संत्र्याच्या बागेत उतरणारी वानरं हुसकायला ती दुपारच्या एसटीने न्यायची होती, पण दुसरी गोळी दर वेळी नळीत चिरडत होती.

"स्प्रिंगच नाटकं करून राहिली, आबाजी. मोडूनच टाकते," दामिनी आजोबांना म्हणाली.

नानाजींना दोष केव्हाच कळला होता. पण तो त्यांनी सांगितला असता, तर बंदूक तिची राहिली नसती.

"तिले काहून शिव्या देतं वं? गोळी न भरता चाप ओढ, अन् गोळी ढकलणाऱ्या दट्ट्याकडे पाहा."

दामिनीने चाप ओढला. दट्ट्या पुढे जाऊन मागे आला, आपटला आणि उसळून पुन्हा अर्धा पुढे सरकला.

"हा तर थांबूनच नाही राहिला! चढणाऱ्या गोळीले हाच चिरडून राहिला!"

"मागावर आडवा धागा नेणारा धोटाही पेटीत असाच उसळे. आम्ही मागं चामडं लावत होतो." नानाजींनी पायातली चप्पल काढून पुढे केली.

"चामडं भिजून कडक होईल, आबाजी." तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दट्ट्यामागे ठोकला.

अंगणातल्या गोणपाटावर तीन गोळ्या लागोपाठ फुटल्या.

"आत्याले सांगशील न, मी मदत केली म्हणून?"

"सांगीन. आबाजी जवळ बसून होते, असं सांगीन."

नानाजींना तेवढं पुष्कळ होतं.