शेंदरी वॉल

नलिनी मुलुंडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि तिचा नवरा बळवंत तिथल्याच एका छोट्या कारखान्यात भट्टी सांभाळायचा. भट्टीला दुहेरी पत्रा, मधल्या पोकळीत हवा. ती तापून फुगली की वरच्या सेफ्टी वॉलची झडप उचलली जायची आणि जास्तीची हवा फुस्सकन बाहेर पडायची.

खंडेनवमीला कामगारांची बायकापोरं कारखान्यात पूजेला जमायची, रंगरंगोटी करायची. नलिनीनेही पदर खोचला, ब्रश घेतला आणि तो मळकट वॉल शेंदरी ऑइलपेंटने असा रंगवला, की एक फट मोकळी ठेवली नाही.

"वा, नले! नवरीसारखा नटवलास गं," बळवंत म्हणाला.

बाईसाहेब खूश! शिकलेल्या माणसाची अक्कल कधी चरायला जाईल, देव जाणे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती वर्गात वायूंची मोलर विशिष्ट उष्णता शिकवत होती. फळ्यावर नळकांडं काढलं, त्यात दट्ट्या.

"दट्ट्या मोकळा असला, की दिलेल्या उष्णतेतली थोडी त्याला ढकलण्यात जाते. म्हणून एक मोल वायू एक अंशाने तापवायला उष्णता जास्त लागते. दट्ट्या अडकवा, ढकलणं बंद. सगळी उष्णता वायूच्याच अंगात. मग तो कमी उष्णतेतच तेवढा तापतो."

"आणि तापवतच राहिलो तर, बाई?" पहिल्या बाकावरच्या वसुधाने विचारलं.

"तर दाब वाढत..." खडू धरलेल्या बोटाकडे नलिनीचं लक्ष गेलं. नखात शेंदरी रंग. आणि सणाला बंद ठेवलेली भट्टी आज पुन्हा पेटली होती.

ऑफिसातून कारखान्यात फोन लावला, पण कोणी उचलेना. ती तशीच धावत सुटली. चप्पल वाटेत कुठे निघाली, तिला कळलंही नाही.

कारखान्याचे पत्रे उडाले होते. बळवंतवर ताडपत्री घातली होती, तोंडावरूनसुद्धा. मालक रामनाथशेठ तो वॉल हातात धरून तणतणत होते, "फट रंगाने बुजवलीय! हे बळवंतचंच काम ना? स्वतःच्या हाताने वाट लावून घेतली त्याने!"

रंग कोणी लावला ते सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. बळवंतच्या जोडीने काम करणारा धोंडू खाली मान घालून म्हणाला, "होय शेठ. त्यानंच." वहिनीसाठी खोटं बोलला बिचारा.

नलिनीने शेठच्या हातातून वॉल ओढून घेतला. तो अजून गरम होता.

"मेलेल्या माणसावर ढकलू नका," ती म्हणाली. "रंग मी लावलाय."