डॉजचा नवस

हौसेला मोल नसतं म्हणतात. राजेंद्रच्या हौसेला तर जागाही नव्हती. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तो लोणावळ्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, आणि दोन खोल्यांत अमेरिकन डॉज मावत नाही. मावली असती, तरी त्याच्या बायकोनं, चंपानं, तिला उंबरा ओलांडू दिला नसता. म्हणून सत्तर वर्षांपूर्वीची ती गाडी उभी होती परंदवडीला, सोपानच्या बंद पडलेल्या पोल्ट्रीत.

सोपान हा त्याचा आयटीआयमधला दोस्त. तळेगावच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून आता घरची भातशेती बघायचा. मळवलीला एका बंगल्यामागे गोवऱ्यांच्या ढिगाखाली ही डॉज आहे, ही बातमी त्यानंच आणली होती. दोघांनी निम्मी निम्मी भागी करून ती घेतली, ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली, आणि तेव्हापासून राजेंद्रचा रविवार परंदवडीचा झाला. सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी काळे हात घेऊन परत यायचा.

गाडी आली तेव्हा तिच्या टपात भोकं होती आणि मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं होती. पण बॉनेटच्या टोकावर शिंगं वळवलेला मेंढा तसाच होता. राजेंद्र त्याच्यावर भाळला. रविवारचे रविवार तो त्या मेंढ्याला फडक्यानं पुसत बसायचा. जो कोणी मिस्त्री यायचा तो एकच सांगायचा, "भाऊ, जीपचं डिझेल इंजिन टाका, आठ दिवसांत पळवून देतो." राजेंद्र त्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा. आत जे इंजिन होतं तेच चालेल, नाहीतर गाडी बसून राहील, हा त्याचा हट्ट. हट्टापायी त्यानं पिस्टनच्या रिंगा अमेरिकेहून मागवल्या आणि त्या आल्या तेव्हा घरात पेढे वाटले. चंपानं एक पेढा खाल्ला आणि तोंड फिरवलं.

सोपानची बायको अंबूबाई मात्र या भानगडीत पहिल्यापासून होती. "सवत आणली, ती बी अमेरिकेची," असं गावभर सांगत फिरायची, आणि सीटची कव्हरं तिनंच शिवली. दर दसऱ्याला ती मेंढ्याला कुंकू लावायची. एका दसऱ्याला गाडीसमोर उभी राहून तिनं हात जोडले. "ही चालली ना, की हिच्यातच बसून येकवीरेची वटी भरीन."

"वहिनी, गाडीसाठी कोणी नवस बोलतं का?" राजेंद्र म्हणाला.

"तुमाला काय करायचंय भावजी? तुमी लेण्यात बसा."

हा त्यांच्यातला जुना विनोद होता. कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेचं देऊळ आणि बौद्ध लेणं एकाच अंगणात आहेत. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले, तेव्हापासून राजेंद्रच्या घरी नवस बंद. त्यामुळे ठरलं होतं असं, की डॉज चालू झाली की तिघांनी कार्ल्याला जायचं, सोपान आणि अंबूबाईनं देवीला, राजेंद्रनं लेण्यात, आणि उतरताना पायऱ्यांवर भेटायचं. अंबूबाईनं नवस बोलून झाल्यावर लगेच ओटीचा खण आणला आणि ट्रंकेत ठेवला.

पुढच्या थंडीत ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला.

वर्षभर पोल्ट्रीचं दार उघडलं नाही. मग सोपाननंच फोन केला, "येतूस का?" राजेंद्र गेला. रविवार पुन्हा सुरू झाले. रंग झाला, काचा बसल्या, दिवे लागले. राहिली फक्त गाडी चालू होण्याची गोष्ट, आणि नेमकी तीच होईना.

एका रविवारी प्लगची तोंडं मिटलेली निघाली. राजेंद्रनं ती नीट केली. दुसऱ्या रविवारी एक वायर वरून धडधाकट आणि आतून तुटकी. मग टाकीत पाणी. राजेंद्र रेल्वेत कामाला होता, बिघाड शोधण्यात त्याची हयात गेली होती, पण एक बिघाड काढला की दुसरा असा दर आठवड्याला उगवतो, हे त्यानं पाहिलं नव्हतं.

"उंदरं लय झाल्यात," सोपान म्हणाला. त्यानं पिंजरासुद्धा आणला. पिंजऱ्यात कधीच काही सापडलं नाही.

राजेंद्रला मनातून भीती वाटायला लागली होती. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, गुडघे कुरकुरत होते. ही गाडी आपल्या हातानं रस्त्यावर काढायची एवढीच त्याची इच्छा उरली होती, आणि ती राहूनच जाणार असं त्याला वाटायचं. चंपाला तो हे सांगत नसे. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मी आधीच म्हणत होते.

मग एका बुधवारी तो डोळे दाखवायला तळेगावला गेला. काम लवकर उरकलं. इथवर आलोच आहोत तर सोपानकडे डोकावू, म्हणून तो परंदवडीला उतरला. पोल्ट्रीच्या बांधावर आला आणि जागीच थांबला.

आतून इंजिनाचा आवाज येत होता. संथ, भरदार, एकही ठोका न चुकवणारा. हा आवाज त्यानं आजवर फक्त मोबाइलवर ऐकला होता, परक्या माणसांच्या गाड्यांचा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाणी पुसेपर्यंत त्याला राग आला.

जाळीतून दिसत होतं. सोपान स्टिअरिंग धरून बसला होता. गाडी जागेवरच होती. मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात कापडी पिशवी होती, तोंडातून हिरव्या खणाचा काठ बाहेर आलेला. सोपान आरशातून त्या पिशवीकडे बघत होता. बराच वेळ तो तसाच होता. मग त्यानं इंजिन बंद केलं, पिशवी घरात नेऊन ठेवली, परत येऊन बॉनेट उघडलं, आतून काहीतरी काढलं आणि खिशात घातलं.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. राजेंद्र पाय न वाजवता मागे फिरला. बसमध्ये तो स्वतःशीच इतका पुटपुटत होता, की शेजारच्या बाईनं जागा बदलली.

रविवारी तो नेहमीसारखा डबा घेऊन आला. बॉनेट उघडलं. प्लगांना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आतला रोटर, अंगठ्याएवढा काळा तुकडा, जागेवर नव्हता.

"हा पण उंदरानं नेला का रे?"

सोपान उगाच पिंजरा हलवून बघायला लागला.

"मी बुधवारी आलतो."

"कवा?"

"गाडी चालू होती तेव्हा. माझ्या हाताला घट्टे पडले हिच्यापायी, सोपाना. आणि हिचा आवाज तू एकटाच ऐकत बसतोस? मला येडा बनवतोस? पिंजरे लावतोस?"

सोपान खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुला फसवायचं न्हवतं राजा."

"मग काय करायचं होतं?"

"तिचं समदं झालं. दहावं झालं, तेरावं झालं, वरीसश्राद्ध झालं. लुगडी बी वाटून टाकली पोरींनी. यवढी वटी ऱ्हायलीय. गाडी चालली म्हटल्यावर जावंच लागंल. आन ती भरून आलो, की मंग तिचं कायबी ऱ्हात न्हाई माझ्याकडं."

राजेंद्रचा राग कुठे गेला ते त्यालाच कळलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण गोड बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"नवस कोणाचा?" त्यानं विचारलं.

"तिचा."

"मग तिचं काम अडवून धरणारा तू कोण?"

सोपाननं त्याच्याकडे पाहिलं. उठला आणि घरात गेला. राजेंद्रला वाटलं, संपलं, आता हा पुन्हा दार उघडायचा नाही. तो हत्यारं गोळा करायला लागला. तेवढ्यात सोपान बाहेर आला. डोक्यावर धुतलेली टोपी होती, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात रोटर.

"चालव तू," तो म्हणाला. "मी मागं बसतो."

तो मागे बसला खरा, पण उजव्या बाजूला. डावीकडे पिशवी ठेवली.

सोमाटणे फाट्यावर रिक्षावाले उठून उभे राहिले. कामशेतला एका ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन सलाम ठोकला. राजेंद्र दोन्ही हातांनी ते भलंमोठं स्टिअरिंग धरून जुन्या हायवेनं सावकाश चालला होता, आणि पुढे मेंढा रस्ता कापत होता. आयुष्यात इतकं सुख त्याला क्वचितच झालं असेल. आरशात बघायचं मात्र त्यानं टाळलं.

कार्ल्याच्या डोंगराखाली गाडी लावली. सोपान पिशवी घेऊन देवळाकडे गेला आणि राजेंद्र ठरल्याप्रमाणे लेण्यात जाऊन बसला. आत गार होतं. बाहेर देवळाची घंटा वाजत होती. त्यातली सोपानची कुठली, हे ओळखायचा त्यानं उगाच प्रयत्न केला.

पायऱ्यांवर भेटले तेव्हा सोपानच्या कपाळाला कुंकू होतं. रिकाम्या पिशवीची त्यानं घडी घातली होती, मग सोडली, मग पुन्हा घातली. तो चालत होता, पण कुठे जायचं ते विसरलेल्या माणसासारखा. खाली आल्यावर त्यानं बोटाला उरलेलं कुंकू मेंढ्याला लावलं. "झालं राजा," तो म्हणाला. "फिटलं."

राजेंद्रनं स्टार्टर मारला. डॉज घरघरली आणि गप्प बसली. पुन्हा मारला, पुन्हा गप्प. भोवती पर्यटक जमले. एका पोरीनं मेंढ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

राजेंद्रनं खाली उतरून बॉनेट उघडलं आणि डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. रोटर जागेवर होता. त्यानं मान वळवून सोपानकडे पाहिलं.

"आईशप्पत! मी हातबी लावला न्हाई!" सोपान ओरडला. त्यानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. एका खिशातून तंबाखूची पुडी पडली, दुसऱ्यातून काहीच नाही.

राजेंद्रनं प्लग बघितले, वायरी बघितल्या, पेट्रोल बघितलं. सगळं ठीक होतं आणि गाडी चालत नव्हती. "आयला," तो म्हणाला, "हा खराच बिघाड आहे. पुरा उघडून बघावा लागेल. दोन-चार रविवार जातील."

सोपाननं त्याच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. त्याला हसू फुटलं, ते आवरेना, आणि आवरेना म्हणून डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टोपीनं तोंड पुसून त्यानं बाह्या वर केल्या आणि गाडीवर ओणवा झाला.

"अर्धा इंची पाना दे," तो म्हणाला.

राजेंद्रनं पाना दिला.