ऑरिननं कोरलेली मूठ

मित्रांनो, दचकू नका. मी जुना रिव्हॉल्वर असलो तरी या घडीला माझं पोट रिकामं आहे, आणि मला गोळ्यांबद्दल काही सांगायचं नाही. सांगायचं आहे ते माझ्या मुठीबद्दल.

कारखान्यात माझ्या मुठीला अक्रोडाची दोन लाकडं बसवली, एक डावीकडे, एक उजवीकडे. लाकूड आणि लोखंड एकत्रच कानशीनं घासलं. त्यामुळे ती लाकडं जगात फक्त मलाच बसतात. मी तेव्हा देखणा होतो. अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका दुकानात काचेआड बसून स्वतःवरच खूश असायचो. मूर्ख होतो.

मला ऑरिन नावाच्या मेंढपाळानं घेतलं. कोकरं जन्मायच्या दिवसांत मी त्याच्या कमरेला असायचो. गोठ्याशी साप आला, कोकरं पळवणारा कोयोट, म्हणजे तिकडचा रानकोल्हा आला, की माझं काम. एका उन्हाळ्यात गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रानं ऑरिनची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं अर्धं नेलं. जखम भरली, पण माझी जाड मूठ त्याला धरवेना. मग तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि खिशातल्या चाकूनं माझ्या लाकडांचा खालचा भाग कोरू लागला.

बायको म्हणाली, "चांगल्या वस्तूचं वाटोळं करतोयस."

"मग काय, बोटं नवी आणू?" तो म्हणाला.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्या खळग्यात त्याचा हात असा बसला की पुढं आयुष्यभर सुटला नाही. चाकूचे ओरखडे त्याच्या घामानं गुळगुळीत झाले.

ऑरिन गेला. मेंढ्या आणि मी, दोन्ही त्याच्या मुलीकडे, व्हर्नाकडे आलो. ती त्या घरात एकटीच राहायची. तिचा धाकटा भाऊ रॉस शहरात राहायचा आणि जुनी हत्यारं जमवायचा. तो मला संग्राहकांच्या जत्रेत घेऊन गेला. तिथं एकानं मला उचललं आणि हसला. "मूठ उंदरानं कुरतडली का रे?"

रॉसचे कान लाल झाले. त्याच जत्रेतून त्यानं माझ्याच सालची दुसरी लाकडं घेतली आणि मला चढवली. बाहेरून चकचकीत, पण कडेला नख जाईल एवढी फट. दुसऱ्याची कवळी तोंडात कोंबल्यासारखं वाटत होतं मला.

रविवारी जेवणं झाल्यावर त्यानं मला टेबलावर ठेवलं. "बघ व्हर्ना, कारखान्यातून आल्यासारखा दिसतोय. मी घेऊन जातो. माझ्या काचेच्या कपाटात शोभेल."

"आणि कोयोट आला तर मी त्याला तुझं कपाट दाखवू?"

"तुला धरता तरी येतो का? धरून दाखव. धरलास तर तुझा."

व्हर्नानं मला उचललं. संधिवातानं तिची शेवटची दोन बोटं आत वळून घट्ट झाली होती, उघडतच नव्हती. जाड मुठीवर ती बोटं नुसती आपटत राहिली. मी निसटलो आणि टेबलावर आदळलो. रॉसनं मला फडक्यात गुंडाळायला घेतलं. संपलं, असं मला वाटलं. उरलेलं आयुष्य काचेआड.

"बाबांची लाकडं कुठायत?" व्हर्नानं विचारलं.

"ती? शेगडीजवळच्या सरपणात टाकली. आता त्यांचा काय उपयोग?"

ती गुडघे धरत खाली बसली आणि सरपण उपसू लागली. दोन्ही लाकडं सापडली. एवढासा एकच स्क्रू, पण तिच्या बोटांना तो फिरवता येईना. शेवटी रॉसनंच पेचकस घेतला, तोंड पाडून.

तिनं मला पुन्हा धरलं. जिथं ऑरिनची बोटं नव्हती, तिथं त्यानं लाकूड काढून टाकलं होतं. नेमकी तिथंच तिची वळलेली बोटं जाऊन बसली. उघडायची गरजच उरली नाही. माझ्यात गोळी भरून ती कुंपणाशी गेली, खांबावर घेवड्याचा रिकामा डबा ठेवला, मागं आली. डबा उडाला.

"बाबा असेच उभे राहायचे," रॉस म्हणाला. "तसाच खांदा."

"बाबांचाच आहे," ती म्हणाली. "जा, भांडी घास."

मित्रांनो, मी व्हर्नाकडेच आहे. ती मला तेल लावते, कुलपात ठेवते, लागेल तेव्हाच बाहेर काढते. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हांला सगळेच सांगतात. आणि सांगणारेच आधी पॉलिशचा बोळा घेऊन येतात. मी म्हणतो, ओरखडा दिसला तर थांबा. तो कुणाचा, कशासाठी, हे विचारा. ज्यानं केला तो मेला असेल, तर अजूनच थांबा.

रॉसच्या कपाटात सध्या ती दुसरी लाकडं ठेवली आहेत. चकचकीत आहेत. त्यांना धरणारं कुणी नाही.