भित्रा ओळंबा

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दोरीच्या टोकाला बांधलेला, खाली निमुळता, मुठीत मावणारा. खांब सरळ उभा आहे की झुकला, एवढंच मला सांगता येतं. आणि मित्रांनो, पुढे कळणारच आहे म्हणून आधीच सांगून टाकतो, मी जन्माचा भित्रा आहे.

भैंसा गावच्या बाजारात एका कारागिराने मला ओतलं आणि कानसीने घासून चकचकीत केलं. नागोराव सुतारांनी मला विकत घेतलं आणि पहिल्याच कामाला एका विहिरीत सोडलं. खाली काळंशार पाणी, वर एक बारीकशी दोरी! मी असा थरथरलो की नागोराव हसून म्हणाले, "काऊन रे, थंडी वाजून राह्यली का?" तेव्हापासून पाणी दिसलं की मी दोरीला घट्ट बिलगतो.

पुढे मी पुष्कळ दारं, चौकटी आणि गोठे पाहिले. नागोराव गावोगाव सांगायचे, "माहा ओळंबा खोटं बोलत नाई." मला ते ऐकून बरं वाटायचं. कोरड्या जमिनीवर दिवस मजेत चालले होते.

मग एकोणीसशे सत्त्याऐंशी साली नागोरावांना भीमपूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं. तिथे केशवरावांचा तलावाकाठी भाजीचा मळा होता. त्यांची बायको पंचफुला पोळ्यासाठी हलक्या लाकडाचे बैल कोरायची आणि रंगवायची. गावातल्या घरात ती हे काम चुलीपाशी करायची. त्यामुळे पिठात भुसा आणि भुशात पीठ, अशी गत व्हायची. तिला तलावाकाठी असं घर हवं होतं, जिथे रंगकामाला स्वतंत्र खोली असेल.

तिने घराचा नकाशा कागदावर काढलाच नाही. खळ्यावर रांगोळीने पूर्ण मापाचं घर आखलं आणि सगळ्यांना त्यातून चालायला लावलं. तिच्या सासूबाई, जयवंताबाई, रांगोळीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "इथं माहा पाट. पाण्याकडचं वारं येते."

"बसा न आत्याबाई, तो कोपरा तुमचाच," पंचफुला म्हणाली. नागोरावांना तिने बजावलं, "नवं झाड तोडायचं नाई. झाड पाडून मंग लाकडाचे बैल रंगवाचे, हे माह्या मनाले पटत नाई."

म्हणून भैंशाच्या एका मोडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडचं जुनं सागवान गाडीने आणलं. तलावात भराव घालायचा नव्हता, त्यामुळे रंगाची खोली काठावर खांबांवर उभी राहणार होती. म्हणजे खाली पाणी. माझं काय झालं असेल, तुम्हीच विचार करा!

उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा खड्डे खणले. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी सपाट दगड बसवला. कोपऱ्यातला खांब मुहूर्ताचा. त्याच्या खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी आणि मूठभर ज्वारी घालायची रीत. जयवंताबाईंनी पहिली मूठ घातली. मग शेजारीण म्हणाली, "माही बी एक." तिच्यामागे सगळी गल्ली आली. कुणाला नको म्हणायचं? दगडावर ज्वारीचा चांगला वीतभर थर साचला. ते धान्य उपसून काढायची छाती कुणालाच झाली नाही. त्या ज्वारीवरच खांब उभा राहिला. नागोरावांनी मला सोडलं, मी थरथरलो, थांबलो आणि खरं तेच सांगितलं. त्या दिवशी खांब सरळच होता.

घर झालं. खिडक्यांतून तलावाचा उजेड थेट पंचफुलाच्या हातातल्या बैलावर पडायचा. नागोरावांचे हात आता कापायला लागले होते. त्यांनी मला त्या कोपऱ्यातल्या खांबाच्या वरच्या खिळ्याला अडकवलं. खांबाच्या मधोमध त्यांनी ओढलेली रेघ होती, माझी दोरी बरोबर तिच्यावर यायची. "ऱ्हाऊ द्या याले इथंच," ते म्हणाले. चार दिवस सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मग माझ्या खिळ्यावर रंगाची फडकी आली, दोरीवर कोळ्याचं जाळं आलं. जयवंताबाई माझ्याखाली पाटावर बसून वाती वळायच्या. त्यांचे गुडघे गेले होते, उठायला कुणाचा तरी हात लागायचा.

पुढच्या पावसाळ्यांत खालची ज्वारी भिजली, फुगली आणि कुजू लागली. मला ते दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की माझं टोक रेघेवरून सरकतंय. मी तर सरळच लटकत होतो. म्हणजे खांब हलला होता! मित्रांनो, मुक्या प्राण्याला भीती वाटली तर तो निदान पळतो. मला पळता येईना, ओरडता येईना. खाली म्हातारी गुणगुणत वाती वळत होती आणि तिच्या पाटाखाली पाणी डुबुकडुबुक करत होतं.

एकदा पंचफुलाच्या ते लक्षात आलं. तिने नागोरावांना बोलावलं. त्यांनी खांबावर थाप मारली. "मुहूर्ताचा खांब हाये बाई, याले काय होते? खिळा वाकला असंन." आणि त्यांनी खिळा उपटून जरासा बाजूला ठोकला. माझं टोक पुन्हा रेघेवर आलं, सगळ्यांचं समाधान झालं. मला मात्र रडू कोसळलं, ते कुणाला दिसलं नाही.

नव्वद सालच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. एका दुपारी वाऱ्यासकट पाऊस कोसळत होता. जयवंताबाई एकाएकी चिडल्या, "पंचफुले, माही सुपारी पळून राह्यली व!"

पंचफुला हसली. तिने सुपारी उचलून दिली. ती पुन्हा गडगडत कोपऱ्यात गेली. तिसऱ्यांदा पंचफुला हसली नाही. तिने खिडकी लावून घेतली. वारा थांबला, मी डोलायचा थांबलो. माझं टोक रेघेपासून वीतभर दूर होतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आत्याबाई, उठा."

"वाती होऊ दे न."

"उठा म्हन्ते न मी!" तिने म्हातारीला काखेत हात घालून उचललं आणि जवळजवळ ओढत उंबरठ्याबाहेर नेलं. तेवढ्यात खालून कड्कन आवाज आला. कोपरा खचला, फळ्या उघडल्या, पाट पाण्यात गेला. रंगवलेल्या बैलांची फळी उलटली आणि बैल तलावात तरंगायला लागले. मी मात्र कललेल्या खांबावरून उघड्या पाण्यावर लोंबकळत राहिलो. दोरी करकरत होती. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

पाऊस ओसरल्यावर नागोराव कमरेला दोर बांधून आले. त्यांनी मला सोडवून छातीशी धरलं. "यानं तर सांगतलं होतं," ते कसंबसं म्हणाले. "म्याच खिळा हालवला."

पाणी उतरल्यावर खड्डा उकरला. आंबट वासाचा काळा चिखल निघाला. जयवंताबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "पयली मूठ माहीच होती."

"तुमी मायेनं घातली होती, आत्याबाई," पंचफुला म्हणाली. या वेळी खांब थेट दगडावर बसला, आणि मुहूर्ताची ज्वारी पाखरांना टाकली.

आता माझी दोरी नवी आहे, अंगावर मात्र डाग पडलेत. जयवंताबाई त्याच कोपऱ्यात बसतात, म्हणून मला रोज भीती वाटते. कुंचला हातात घेण्याआधी पंचफुला रोज माझ्यासमोर उभी राहते, मी स्थिर होईपर्यंत वाट बघते.

मित्रांनो, तुमच्याही घरात ऐकायला नको वाटणारी खरी गोष्ट सांगणारं कुणीतरी असेल. त्याचा खिळा हलवू नका, आधी खांब तपासा. मी थरथरत असेन तोवर खुशाल हसा. पण मी थांबलो, की एकदा माझ्याकडे बघा.