आवाज क्रमांक सात आणि आठ

साद घातल्यावर दोन मिनिटं हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा.

लांडगे मारायच्या परवानगीच्या कागदावर तीनच ओळी असतात. मधली ओळ: संख्या दोन, नर वा मादी, शनिवारी सकाळी सहापासून.

दाजींनी या महिन्यात घशाच्या गोळ्यांची तिसरी बाटली संपवली.

लांडग्याचं पिल्लू सूर मोडून मोडून काढतं. एकटंच असलं तरी तिघं असल्यासारखं वाटतं. म्हणून पिल्लं मोजत नाहीत.

ताई एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली होती, मेंढी गेली की उरलेल्या मेंढ्या दोन दिवस तिची जागा मोकळी सोडून उभ्या राहतात.

*

मोजणीवाली म्हणजे लांडगे मोजणारी बाई. वनखात्यात बारा वर्षं हेच काम. लांडगे काही रांगेत उभे राहत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी उजेड उतरताना ती एका टेकडीवर जाते, तोंडाभोवती हात धरते आणि लांडग्यासारखी लांब साद घालते. कळप उत्तर देतो. ते यंत्रावर टिपायचं, मग कार्यालयात बसून एकेक आवाज सोडवायचा, जसा गुंतलेला दोरा सोडवतात तसा. तीन टेकड्या, प्रत्येकीवर तीन संध्याकाळी.

नियम साधा आहे. या डोंगरात सहापर्यंत लांडगे असले तर हात लावायचा नाही. सहाच्या वर जितके, तितके मारायची परवानगी. मेंढ्या पाळणाऱ्यांनी मागून घेतलेला नियम. यंदाचा पहिला अर्ज दाजींचा होता, तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. त्यांच्या तेरा मेंढ्या गेल्या होत्या.

मोजणी आठ आली. मोजणीवालीनं स्वतः सही केली. शनिवारी शिकारी निघणार होता.

*

गुरुवार, दुपार.

टिपलेला आवाज तिनं पुन्हा लावला. कोणी सांगितलं नव्हतं. कार्यालयातल्या साहेबांचं म्हणणं असं की सही झालेला कागद पुन्हा वाचणं ही एक खाज आहे, आणि खाजवलं की वाढते. पण तिला सातव्या आवाजाचं कुतूहल होतं. नोंद तिचीच: 'म्हातारा नर, छातीत घरघर.' आठव्याची: 'तरुण मादी, चपळ, अर्धवट तोडते.'

सातवा आवाज चौथ्या सेकंदाला थांबत होता. अगदी थोडा, डोळ्याची पापणी लवावी इतका. मग पुढे चालू. तिनं नऊ वेळा ऐकलं. नऊही वेळा चौथाच सेकंद.

लांडगा मध्ये श्वास घेत नाही. घ्यायचा तो आधी घेतो.

आजारी असेल? दात पडलेला? की दुसऱ्याच कळपातला, दुसऱ्याच चालीचा? बारा वर्षांत असा ऐकला नव्हता. तिला भीती वाटली नाही. कानात खडा गेल्यासारखं झालं फक्त, काढल्याशिवाय चैन पडेना.

एक गोष्ट मात्र तिला तेव्हाच टोचली. फॉर्मवर दिशा लिहायची जागा एकच, पहिल्या आवाजासाठी. बाकीचे नुसते मोजायचे, ते कुठून आले हे कोणी विचारत नाही. तिनंही विचारलं नव्हतं.

*

गुरुवार, संध्याकाळ.

होकायंत्र, नकाशा, पट्टी.

पहिल्या टेकडीवरून साद. कळपानं उत्तर दिलं, उत्तरेकडून, एकत्र. सातवा आणि आठवा मागाहून आले, आणि उत्तरेकडून नाही. तिनं कोन लिहिला.

दुसऱ्या टेकडीवरून साद. कोन.

गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून तिनं दोन रेघा ओढल्या. जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे एक चौकोन होता. चौकोन तिच्या ओळखीचा होता. ताईचा मेंढवाडा.

दोन लांडगे ताईच्या कुंपणाशी बसून ओरडतायत आणि घरात कोणाला पत्ता नाही. तिनं फोन लावला. ताईनं उचलला नाही. तिनं गाडी उतारावर जशी सोडू नये तशी सोडली.

*

मेंढवाड्यामागे पाण्याची टाकी आहे. टाकीवर दाजी उभे होते, पाय फाकवून, हात तोंडाशी. खाली ताई, हातात स्वयंपाकघरातलं घड्याळ.

दाजींनी छाती भरली आणि साद घातली. चौथ्या सेकंदाला श्वास घेतला. मागोमाग ताईनं सूर लावला, उंच, पण तिला मध्येच हसू फुटलं आणि तिनं तो तोडला.

मोजणीवाली गाडीचं दार धरून उभी राहिली. नंतर तिला आठवेना की आधी बोललं कोण.

दाजींनी टाकीवरूनच सगळं सांगितलं, कारण खाली उतरायची त्यांना लाज वाटत होती. एका कळपाच्या हद्दीत दुसरा कळप शिरत नाही, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मग आपणच कळप व्हायचं. रोज दिवस मावळताना दोन आवाज, म्हणजे निदान जोडपं तरी वाटेल. गावात बोलले नाहीत, कारण लोकांनी जन्मभर चिडवलं असतं. तेवीस दिवस झाले, एकही मेंढी गेली नव्हती. आणि मध्यंतरी तर पूर्वेच्या टेकडीवरून एक दांडगा लांडगा त्यांना रोज उत्तर द्यायला लागला होता, त्याच्याशी तीन दिवस नुसती जुगलबंदी चालली होती.

"पूर्वेच्या टेकडीवर मीच होते, दाजी."

दाजींनी वळून पूर्वेच्या टेकडीकडे पाहिलं. "तरीच," ते म्हणाले, "मागे हटत नव्हता."

*

स्वयंपाकघरात तिनं नोंदी दाखवल्या. दाजींनी 'छातीत घरघर' दोनदा वाचलं आणि गोळ्यांची बाटली खिशात सरकवली. ताईनं कागद उजेडात धरला.

"तरुण मादी. सरकारी कागद आहे ना हा? मग याची एक प्रत मला पाहिजे."

पण सहा म्हणजे सहा. दोघांचे आवाज वजा केले की परवानगी उरत नव्हती, आणि हे तिघांनाही न सांगता कळलं होतं. दाजी पाण्याच्या पेल्याकडे बघत म्हणाले की ओरडायचं ते ठीक, पण घसा आज आहे, उद्या नाही. बंदुकीचा घसा बसत नाही. शनिवार तर परवावर आला आहे. मोजणीवालीनं गप्प राहायचं एवढंच.

"चुकीची सही माझी आहे," ती म्हणाली.

"आणि मेंढ्या माझ्या आहेत."

ताईनं घड्याळ भिंतीवर परत टांगलं. उद्या कार्यालयात मी येते, असं तिनं भिंतीकडे बघत सांगितलं. दाजी म्हणाले, मी येणार नाही. ताई म्हणाली, गाडीची चावी तेवढी द्या.

*

शुक्रवार.

दाजी आले. चावी दिली नाही, स्वतः आले.

साहेबांचा विश्वास बसेना. बारा वर्षांची मोजणीवाली माणसाला लांडगा समजते, हे मान्य करणं त्यांना आपल्याच पायावर धोंडा मारून घेतल्यासारखं वाटत होतं, कारण खालची दुसरी सही त्यांची होती. नातेवाइकांना घेऊन लांडगे वाचवायला आलीस का, असंही त्यांनी विचारून घेतलं. कोपऱ्यात शिकारी चष्मा पुसत बसला होता. त्याचा कुत्रा टेबलाखाली झोपला होता.

"पुरावा?" साहेब म्हणाले.

दाजींनी मान खाली घातली. कपाटाशेजारी उभ्या असलेल्या ताईनं पदर खोचला आणि साद घातली. यावेळी हसू आलं नाही, त्यामुळे सूर पूर्ण गेला. तो अर्ध्यावर असताना दाजींचाही आवाज त्यात येऊन मिळाला. चौथ्या सेकंदाला श्वास.

कुत्रा उठला, भिंतीला चिकटला आणि त्यानं जमीन ओली केली.

शिकाऱ्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. परवानगीचा कागद त्यानं स्वतःच साहेबांपुढे सरकवला. म्हणाला, "ही दोघं मला कुंपणाशी दिसली नाहीत ते नशीब."

साहेबांनी आठ खोडून सहा लिहिले. मग पेन ठेवलं नाही. कुतूहल आता त्यांना चावलं होतं. किती वेळ ओरडता? वारा उलटा असला तर? पाऊस असला तर घरातून चालतं का? दाजी आधी अवघडून, मग हात हलवून उत्तरं द्यायला लागले. साहेबांनी मोजणीवालीला फॉर्ममध्ये दोन नवीन जागा वाढवायला सांगितल्या: प्रत्येक आवाजाची दिशा, आणि माणसांचे आवाज.

"आणि आता मेंढी गेली तर?" दाजींनी दारात वळून तिला विचारलं.

तिला माहीत नव्हतं. तिनं तसं सांगितलं. दाजींनी मान हलवली आणि संध्याकाळी त्यांची वेळ झाल्यावर पूर्वेच्या टेकडीवरून उत्तर देणार का, असं विचारलं.

ती हो म्हणाली.

दाजींच्या तेरा मेंढ्यांपैकी शेवटची गेली ती त्यांनी ओरडायला सुरुवात करण्याच्याही एकोणीस दिवस आधी; मेंढ्या जाणं तेव्हाच थांबलं होतं.