हरकत असल्यास कळवावे

जुन्या प्रोसेसरवर आपला प्रोग्राम चालवणं बंद करू या, हा प्रस्ताव तिचाच. प्रोग्राम फुकटचा, देशोदेशी वापरला जाणारा, आणि सांभाळणारी माणसं मोजून चार. प्रत्येक दुरुस्ती त्या वीस वर्षं जुन्या चिपसाठी पुन्हा तपासायची म्हणजे आठवडा पाण्यात. 'हरकत असल्यास सहा महिन्यांत कळवावे,' असं तिने प्रकल्पाच्या पानावर लिहिलं. कोणी चकार शब्द काढला नाही. तिने त्या चिपचा सगळा कोड उडवला. बाकी तिघांनी तिची पाठ थोपटली.

तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "वन्सं, जरा कारखान्यात येता का? मशीन रुसलंय."

दादाचा कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि मोजे विणायचं एक मशीन. ते चालवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर एकच ओळ होती: 'या प्रोसेसरवर ही आवृत्ती चालणार नाही.' ती ओळ तिनेच लिहिलेली.

"अपडेट करा म्हणालं, मी केलं," दादा म्हणाला. "काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही. आम्ही ते बंद केलं."

"आम्ही म्हणजे?"

"मी."

दादाने हातातला अर्धवट मोजा खाली ठेवला. "मला विचारायचंस."

"विचारलं होतं रे. सगळ्यांना. सहा महिने."

"कुठे?"

तिने सांगितलं. त्या पानाचं नावसुद्धा त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"दर रविवारी माझ्या घरी जेवतेस," तो म्हणाला, "आणि विचारलंस कुठे, तर तिथे!"

तुझ्याकडे हीच चिप आहे हे मला माहीत नव्हतं, असं ती म्हणणार होती. पण तो संगणक तिनेच बसवून दिला होता. तिच्या डोक्यातूनच गेला होता.

तिने जुनी आवृत्ती शोधून पुन्हा घातली. संध्याकाळपर्यंत सुया खडखडू लागल्या.

"आता हा नेटला जोडू नकोस. काही अडलं तर मला बोलाव."

"परक्या कुणाला तरी बोलावीन," दादा तिच्याकडे न बघता म्हणाला. "तो हात लावायच्या आधी विचारेल तरी."

वहिनीने चहा विचारला. ती थांबली नाही.

घरी येऊन तिने बाकीच्या तिघांना लिहिलं, तो कोड परत घेऊ या. लगेच उत्तर आलं: 'घेऊ. पण तपासायला त्या चिपचा संगणक आहे का कुणाकडे?'

तिने दादाचा नंबर काढला, पण लावला नाही. मग लिहिलं, 'नाही.'