बारा महिने तीस फूट

जगदेवला या थापेतून मिळणार काय होतं, ते आधी मांडू. मंगरूळपीरच्या तहसिलात कारकून असलेला जावई, इवायाच्या, म्हणजे व्याह्याच्या, घरी मान, आणि गावात, किन्हीराजात, आमच्यासारख्यांची तोंडं बंद. घालायचे होते फक्त चार शब्द: बारा महिने तीस फूट. लेक पंचफुलाची सोयरीक बोलताना त्यानं विहिरीचं पाणी तेवढं वर आणून ठेवलं.

पौषात तो वाशीमला पंप घ्यायला निघाला, तर होणारा इवाई पुंजाजी हौसेनं सोबत. दुकानदार मदनसिंगानं पंपाचा कागद उलगडला. उभ्या रेघेवर उंची, आडवीवर पाणी, मधून उतरणारी एक वाकडी रेघ. पाणी जितकं वर चढवाल तितकं कमी मिळेल. या पंपाचं पंचेचाळीस फुटांवर शून्य, मोटर नुसती फिरेल, असं त्यानं बोट ठेवून सांगितलं. मग विचारलं, उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं?

साठाला जातं, हे जगदेवला ठाऊक होतं. पण पुंजाजीही कागदावर वाकला होता. जगदेव तीसच म्हणाला. मदनसिंगानं पुन्हा विचारलं, पुन्हा तीसच.

पौषात पाणी खरंच तिसावर होतं. पाट धो-धो भरला, आणि जगदेवनं आम्हाला बोलावून दाखवला.

लग्न चैत्रात. मांडवाजवळची टाकी भरायला त्यानं इवायासमोर कळ दाबली. मोटर गुणगुणत राहिली. नळीतून बाहेर आला तो एक मुंगळा. दुकानदारानं फसवलं, जगदेव म्हणाला. पाहुणे ताटावर बसलेले, म्हणून त्याच्या बायकोनं, गोजराबाईनं, बादली सोडली. दोर सुटत गेला, सुटतच गेला.

"इवाई," काठावरून पुंजाजी म्हणाला, "तीस फुटाले एवढा दोर कायले लागते?"

"मोटर खराब हाये."

"मोटर कागदात होती तशीच हाये. इहीर दुसरी निघाली." मग दाराकडे बघत, "अन् पोरगी? ते तरी सांगतली तशी हाये ना?"

हळद लागलेली पंचफुला दारातच होती. जगदेव दोराकडे बघत राहिला. आम्ही आपापल्या पायांकडे.

लग्न मोडलं नाही. पत्रिका वाटून झाल्यावर मोडतं कोण?

दिवाळीला लेकीला आणायला जगदेव गेला, सोबत मी. ओसरीवर चहा आला. आत पंचफुला म्हणाली, पीठ दोन दिवस पुरेल. सासूनं विचारलं, "तुह्या बापाच्या मापानं का वं? मोजून दाखव."

डबा परातीत रिकामा झाल्याचा आवाज आला, मग मापाचा. विचारणारीच्या सुरात राग नव्हता, रोजचं असावं. जगदेवनं बशी खाली ठेवली, चहा तसाच.

तर जमाखर्च असा. मदनसिंगानं जुना पंप परत घेतला, वरचे पैसे घेऊन साठ फुटांच्या पुढे चढवणारा दिला, तो नफ्यात. पुंजाजीला टोमण्याची हक्काची जागा मिळाली. जगदेवच्या पाटाला चैत्रातही पाणी आहे, जावई तहसिलातच आहे. लहानपणापासून तो दोर ओढून विहीर किती खोल ते जिच्या हातांना ठाऊक होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. तोटा भरते आहे तीच, मापामापानं.